रेणुकाच्या साक्षगंधाला इंझोरीत

विदर्भात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, हे मला भगवानरावांच्या फोनमुळे कळलं. "पोरीचं साक्षगंध हाय मॅडम. तुमी आल्या पायजे," एवढंच ते म्हणाले आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी त्यांनी गाडीचं नावही सांगून टाकलं. मी नुकतंच शस्त्रक्रिया करणं थांबवलं होतं. आठवड्यातून दोनदा रुग्ण तपासायचे, बाकी वेळ मोकळा. नाही म्हणायला कारण सापडेना.

मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करण्यात माझं आयुष्य गेलं. या कामात माणूस आडवा भेटतो. त्याचं घर, त्याची चूल, त्याच्या दारातलं झाड आम्ही कधी पाहत नाही. रेणुकाचंही तसंच. ती लहान असताना तिचे आईवडील पुण्यात एका बांधकामावर मजुरीला आले होते. संध्याकाळी आई दमून आली की चूल पेटवायचं काम रेणुकाकडे. फुंकणी फुंकता फुंकता तिचा डावा हात गळून पडायचा, फुंकणी हातातून सुटायची, आणि थोड्या वेळाने हात पुन्हा पहिल्यासारखा. घरच्यांना वाटायचं, पोरगी कामचुकार आहे. एकदा मात्र हाताबरोबर तोंडही वाकडं झालं, बोलणं अडखळलं, आणि मुकादमाने त्यांना आमच्या रुग्णालयात आणून सोडलं.

तिला मोयामोया होता. नाव जपानी आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होत जातात आणि शरीर घाबरून शेजारी बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उभं करतं. तपासणीत ते जाळं धुराच्या पुंजक्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. आपल्याकडे हा आजार विरळाच. भराभर श्वास सोडला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तुम्हाआम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण जिचा रक्तपुरवठा आधीच काठावर आहे तिचा हात लुळा पडतो. फुंकणीचं कोडं ते असं होतं. आम्ही कानाच्या वरची, टाळूच्या कातडीतली एक धमनी सोडवून मेंदूच्या पृष्ठभागावर नेऊन ठेवली. तिथून पुढचे काही महिने नवीन वाहिन्या फुटत राहतात. आधी उजवी बाजू, मग काही काळाने डावी. पोरगी बरी झाली. आईवडील गावी परतले, आणि नंतर दरवर्षी रेणुका तपासणीला यायची, येताना गाठोड्यात तुरीची डाळ आणायची. मला तिच्या गावाबद्दल माहीत होतं ते इतकंच.

वाशीम

अकोल्याला गाडी बदलून सकाळी वाशीमला उतरले. भगवानराव फलाटावर उभे होते, गळ्यात रुमाल, अंगात इस्त्रीचा शर्ट. रुग्णालयात हा माणूस भिंतीला पाठ लावून बसलेला असायचा. इथे त्यांनी माझी बॅग हातातून काढून घेतली आणि स्टेशनसमोरच्या गर्दीतून अशा काही रुबाबाने वाट काढली की मी निमूट मागे चालू लागले.

पहिल्यांदा नाश्ता. आमच्या पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू. इथे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात, तळाशी हरभरे. दुसऱ्या घासालाच मला उचक्या लागल्या. गाडीवाल्याने न बोलता पाण्याचा गडवा पुढे केला आणि वर थोडी शेव टाकली, जणू माझ्यासारखी माणसं त्याला रोज भेटतात. सगळी प्लेट संपवली हे मात्र मी अभिमानाने सांगते.

मग बाजार. साडी, नारळ, सुकामेवा, पाहुण्यांसाठी टोप्या. भगवानराव दुकानदाराला सांगत होते, या पुण्याच्या डॉक्टरीणबाई, आमच्या घरच्याच. मुलाबद्दल त्यांनी मला चालता चालता सांगितलं. नितीन नाव, इथल्याच, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला मोटारी भरायचं दुकान, म्हणजे विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणं. वडील नाहीत. आई कमलबाई, तिनेच थोड्याशा शेतीवर पोराला वाढवलं. माणसं साधी आहेत म्हणाले.

बालाजीच्या देवळात दर्शन झालं. बाहेर तळ्याच्या काठाशी सावलीत बसलो तेव्हा त्यांनी खालच्या आवाजात विषय काढला.

"मॅडम, तिकडच्या लोकाइसमोर दवाखान्याचं काही काढू नोका."

मी विचारलं, त्यांना माहीत नाही? त्यांनी पाण्याकडे बघत मान हलवली. म्हणाले, आता ती ठणठणीत आहे. केसांत काही दिसतही नाही. डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की लोक वेडाचा अर्थ घेतात. याआधी एका ठिकाणी सांगितलं होतं, त्यांनी पुन्हा फोन केला नाही, आणि वरून गावात दहा तोंडांनी दहा गोष्टी झाल्या. मला बोलावण्यात त्यांचा हिशेब सरळ होता. एवढी मोठी डॉक्टर घरची म्हणून आली की पोरीबद्दल कोणी शंका घेणार नाही.

मी सांगितलं की मी होऊन काही बोलणार नाही, तो अधिकार रेणुकाचा आहे. पण कोणी मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.  मग ते उठले आणि त्यांनी चहा सांगितला.

इंझोरी

वाशीमहून मंगरुळपीरमार्गे इंझोरी. भगवानरावांच्या चुलतभावाची जीप होती. सोयाबीन केव्हाच निघालं होतं, तुरी पिवळ्या पडत चालल्या होत्या आणि मधूनमधून हरभऱ्याचे हिरवेगार पट्टे. संत्र्याच्या बागांजवळ रस्त्याच्या कडेला ढीग मांडून बायका बसल्या होत्या. गाव जवळ आलं तसा एका हरभऱ्याच्या शेतात काळविटांचा कळप दिसला. मी गाडी थांबवायला लावली, मोबाइल काढला. जीप चालवणाऱ्या काकांनी सौजन्य म्हणून वाट पाहिली, मग म्हणाले की तुम्हाला छान वाटतात, आम्हाला रात्रभर जागून हाकलावे लागतात. मी फोटो काढायचा थांबवला. काळविटांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, ते चरत राहिले.

घर दोन खोल्यांचं, पुढे टिनाची पडवी, अंगणात कडुनिंब. रेणुकाची आई सुमनबाई हिने पाय धुवायला पाणी दिलं आणि मी नको म्हणत असताना स्वतःच ओतलं. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, आंबाडी, हिरव्या मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याबरोबर बसून जेवतात. इथे मी एकटी पाटावर आणि शेजारच्या बायकांसकट सगळं घर उभं राहून बघतंय. घास कसा उचलते, भाकर कशी मोडते, यावर नजर. विचारून वाढायची पद्धत तर नाहीच. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या वरून भाजी येते.

रेणुका बालवाडीत शिकवते. दुपारी ती आली, ओढणीला खडूची पांढरी बोटं पुसलेली. पुण्यात ती माझ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. इथे तिने आल्या आल्या आईला दोन कामं सांगितली, वडिलांना विचारलं की मंडपवाल्याला फोन केला का, आणि मग माझ्याकडे वळून हसली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून थोडी मंद आहेत. माझी नजर तिकडे गेलेली तिला कळली. तिने तो हात पुढे करून मूठ उघडमीट करून दाखवली, तपासणीत करते तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला शेत दाखवायला घेऊन गेली. हरभऱ्याला रात्री पाणी दिलेलं होतं, हे तिने सांगायच्या आत मी वावरात पाय टाकला. काळ्या मातीने माझी सँडल धरून ठेवली, मी पुढे गेले आणि पट्टा तुटला. एका पायावर उभी राहून मी तिच्या खांद्याला धरलं. ती इतकी हसली की तिलाच बांधावर बसावं लागलं. मीही चिखलाच्या पायाने तिच्याशेजारी बसले. हसू ओसरल्यावर ती म्हणाली,

"मॅडम, मले त्याइले सांगाचं हाय. साक्षगंधाच्या आंधी."

बाबांनी मला गप्प राहायला सांगितलं असेल, हा तिचा अंदाज बरोबर होता. तिचं म्हणणं मला आठवतं तसं सांगते. रोजची गोळी ती कुठे लपवणार? दरवर्षी पुण्याला कशासाठी जाते म्हणून सांगणार? नितीन फोनवर बोलतो, चांगला बोलतो, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर तिला वाटतं की आपण चोरी केली. "लगन झाल्यावर मले कदी काही झालं तं त्याले समजाले तं पायजे, का हे काय होऊन राह्यलं. नाहीतं थो पंखा घालत बसन. थो काही दोषी नाही त्यात."

मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं तर? ती मातीचं ढेकूळ हातात फोडत राहिली.

"तं मी रडीन. अन् मंग बालवाडीत जाईन."

तिच्या वतीने मी सांगावं, असं मला वाटलं होतं. तिने ते नाकारलं. ती स्वतः सांगणार होती, मी फक्त बाजूला बसायचं आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची.

घरी येऊन तिने वडिलांना हे सांगितलं तेव्हा भगवानराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते मंडपाच्या बांबूकडे बघत बसले आणि म्हणाले की पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करायचं ठरवलंच असेल तर बापाने काय करावं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी म्हणजे पुण्याहून आलेला काहीतरी रोग होते. तोवर भाकरी थापत असलेल्या सुमनबाई आतूनच बोलल्या.

"उद्या तिकडं तिचा हात पडला, तं ते लोक म्हणतीन आमाले फसवलं. मंग तिच्याकडं कोण पाह्यन? तुमी मालेगावले राहाले जासान का?"

 संध्याकाळी भगवानरावांनीच चुलतभावाकडून जीप मागितली.

मालेगाव

माझी सँडल कामातून गेली होती. सुमनबाईंच्या प्लास्टिकच्या चपला मला एक बोट मोठ्या होत्या. त्याच घालून मी मालेगावला गेले. शेलूबाजारवरून रस्ता चांगला आहे. रेणुका खिडकीशी, केस घट्ट बांधलेले.

नितीनचं दुकान पुढे, घर मागे. उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, वार्निशचा वास. तो हात पुसत उठला. सडपातळ, बोलायला हळू. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी अशी अचानक मंडळी आलेली पाहून त्याची आई कमलबाई सावध झाली असणार, पण तिने आधी पाणी दिलं, मग चहा. नितीनचे मामा तिथेच होते. या लग्नाची बोलणी त्यांनीच केली होती.

कप खाली ठेवून रेणुका बोलायला लागली. मी अनेक कुटुंबांना हा आजार समजावला आहे, चित्रं काढून, प्लास्टिकचा मेंदू हातात घेऊन. तिने तसलं काही केलं नाही. लहानपणी चूल फुंकताना हात पडायचा इथपासून सुरुवात केली. डोक्यात रक्त कमी पोहोचत होतं, म्हणून बाहेरची नस आत नेऊन ठेवली, दोन्हीकडून, असं सांगितलं. मग केसांचा चाप काढला, दोन्ही कानांवरचे केस बाजूला केले आणि व्रण दाखवले. भगवानरावांनी मान फिरवली.

मामा उठून उभे राहिले. म्हणाले, म्हणजे तुम्ही आम्हाला फसवायला निघाला होतात. रेणुका म्हणाली की फसवायचं असतं तर ती आज आली नसती. मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते भगवानरावांशी बोलत होते, आणि दोन वाक्यं बोलून ते निघून गेले. बाहेर त्यांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

कमलबाई जागची हलली नव्हती. तिने मला विचारलं, लेकरं होतील का. मी सांगितलं, होतील, पण बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करावं लागेल, मेंदूचे डॉक्टर जवळ असतील अशा ठिकाणी, आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागेल. लेकरांना हा आजार होईल का? बहुतेक नाही, मी म्हणाले, पण अजिबात नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. रेणुकाला पुन्हा काही होईल का? त्यालाही मला तसंच उत्तर द्यावं लागलं. भगवानराव माझ्याकडे असे बघत होते की बाई, एकदा तरी नाही म्हणा. मला म्हणता आलं नाही. इतक्या वर्षांत नातेवाइकांना अशी अर्धी उत्तरं देताना मी कधी अडखळले नव्हते. त्या दिवशी अडखळले.

 नितीनने मला काहीच विचारलं नाही. रेणुकाला विचारलं,

"दुखत होतं का? हात पडे तवा?"

ती म्हणाली, "नाही. दुखत नोतं. भेव वाटे."

त्याने मान हलवली. कमलबाई म्हणाली की घरात बोलून उद्या कळवतो. आम्ही उठलो. परतीच्या वाटेवर शेलूबाजारला भगवानरावांनी सगळ्यांसाठी गरम भजी घेतली आणि स्वतः एकही न खाता जीपच्या बाहेर उभे राहिले.

पुन्हा इंझोरी

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. मंडप तर घातलेला होता. आचारी आला, त्याने विचारलं पेटवू का. भगवानराव मोबाइल हातात घेऊन बसले होते, तेव्हा सुमनबाईंनी सांगितलं, पेटवा. अंगणाच्या कडेला गोवऱ्यांचा जाळ झाला, त्याच्या निखाऱ्यांत रोडगे भाजायला टाकले. रोडगा म्हणजे कणकेचा भरीव गोळा, वरून करपतो, आतून खमंग होतो, फोडून तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. एवढ्या काळजीतही त्या वासाने मला भूक लागली, आणि तिची लाज वाटली.

बायका जमू लागल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, किंवा सगळं माहीत होतं. रेणुका आत नवी साडी नेसून बसली होती. मी तिच्याजवळ गेले तर तिने मला साडीच्या निऱ्या नीट करायला लावल्या.  सगळं ठीक होईल असं मी तिला म्हणाले नाही. तिनेही विचारलं नाही. शेजारच्या मुली गाण्यावरून भांडत होत्या, ते आम्ही दोघी ऐकत बसलो.

ऊन कलायला लागल्यावर एक गाडी आली. दोन गाड्या भरून माणसं येणार होती, आली ती एकच, आणि तीही पुरती भरलेली नव्हती. मामा नव्हते. नितीन उतरला, मग कमलबाई, हातात झाकलेलं ताट. भगवानराव पुढे गेले, पण पाहुण्यांना टोपी घालायचं त्यांना सुचेना. शेवटी नितीननेच वाकून त्यांना नमस्कार केला.

काल काय झालं याबद्दल कोणीच एक शब्द काढला नाही. रेणुकाला पाटावर बसवलं, कमलबाईने कुंकू लावलं, ओटी भरली, अंगठी झाली. भगवानराव मंडपाच्या खांबामागे जाऊन रुमालाने तोंड पुसत उभे राहिले. मला वाटलं होतं की मी अशा वेळी काहीतरी मोठा विचार करेन. मी फक्त पाहत होते की रेणुका डाव्या हाताने नारळ धरते आहे आणि तो पडत नाही.

पंगत बसली तशी कमलबाई आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. भाऊ आला नाही, येणारही नाही बहुतेक, असं तिने सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. मग म्हणाली, "आता मले सगळं सांगा. घरात तिले काही झालं, तं मी पयले काय करू?"

मी सांगत गेले. पाणी भरपूर पाजत जा, उन्हाळ्यात तर जास्तच. उपास नको. गोळी चुकवायची नाही. हात गळाला, बोलणं अडखळलं, तर आडवं झोपवा, आणि बरं वाटतंय का याची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. ती ऐकत होती, रोडगा फोडत होती.

"चुलीपाशी नाही बसवत. आमच्या घरी गॅस हाय," ती म्हणाली. "अजून कायनं होते?"

मी म्हणाले, खूप धापा टाकल्या की. ताप अंगावर काढला की. आणि हुंदके देऊन रडलं की, कारण तेव्हाही श्वास तसाच भराभर चालतो. शस्त्रक्रियेनंतर आता धोका पुष्कळ कमी झालाय, तरी टाळता आलं तर बरं.

तिने बोटांवर मोजत सगळं स्वतःशी म्हणून पाहिलं. "पाणी. गोळी. उपास नाही. हात पडला तं निजवाचं अन् गाडी काढाची. रडू द्याचं नाही." उपासाच्या ठिकाणी ती एकदा अडली, मी सांगितलं, तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेवटच्या बोटाशी येऊन थांबली.

"बाकीचं होईन," ती म्हणाली. "हे अवघड हाय वो मॅडम. त्या घरात मी लय रडली. मले तं वाटे, सुनेनं रडाचंच असते."

समोर रेणुका मैत्रिणींच्या घोळक्यात बसली होती, कोणीतरी तिच्या तोंडात पेढा कोंबत होतं आणि ती नको नको म्हणत होती. कमलबाईने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"शिकून घेईन," ती म्हणाली, आणि वाढणाऱ्या बाईला हाक मारून मला न विचारता माझ्या ताटात आणखी एक रोडगा घालायला लावला.